पहिला घोट ओतणाऱ्याचा

"अगं अम्मा गं! हे तर आमच्या तंबोऱ्याचं पिल्लू!"

मी एवढ्या जोरात ओरडले की कारखान्यात टांगलेल्या तंबोऱ्यांच्या तारा आपोआप झणझणल्या, असं दस्तगीरचाचा पुढं कित्येक वर्षं येईल त्याला सांगायचे. चाचांचं अर्धं सोडून द्यायचं असतं. पण ओरडले होते हे खरं. कारण परदेशातून आलेल्या त्या बाईंनी पिशवीतून काढला तो होता भोपळा. मुठीएवढा, काळपट, तोंड कापलेला, आणि त्यात खोचलेली चांदीची नळी.

बाईंचं नाव एल्विरा. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांची वेणी घातलेल्या. उरुग्वे नावाच्या देशातल्या. तो नकाशात कुठं असतो हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. पुण्यात तीन वर्षं राहून त्या गाणं शिकल्या होत्या आणि मायदेशी परतायच्या आधी तंबोरा घ्यायला मिरजेला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या गाडीनं परत पुण्याला, तिथून मुंबई, तिथून विमान. आमच्या घरात आम्ही एरवी दखनी बोलतो, पण बाईंना फक्त मराठी यायची, तीही अडखळत. म्हणून ते दोन दिवस घरातले सगळे मराठीतच भांडले.

"हा पिण्याचा," बाई हसत म्हणाल्या. "आमचा चहा. नाव माते."

मग त्यांनी करून दाखवलं. चाचा रंधा टाकून आले, अम्मी पदराला हात पुसत आली. भोपळ्यात अर्ध्याहून वर हिरवा चुरा भरला. तोंडावर तळहात दाबून भोपळा उलटा केला आणि हलवला, म्हणजे बारीक भुकटी वर येते. तो चुरा एका कडेला उतरता केला. खोलगट बाजूला थोडं कोमट पाणी सोडलं आणि चुरा फुगेपर्यंत गप्प बसल्या. मग नळी खोचली आणि थर्मासमधलं गरम पाणी बारीक धारेनं ओतलं.

"उकळलेलं पाणी नाही," बोट उंच करून त्या म्हणाल्या. "भांडं गुणगुणायला लागलं की काढायचं. उकळलं तर पानं जळतात."

"आणि प्यायचं कुणी?" चाचांनी विचारलं.

"सगळ्यांनी. एकच भोपळा, एकच नळी. एक जण ओतणार. ज्याला दिला त्यानं सगळं प्यायचं, नळीचा आवाज येईपर्यंत. आवाज आला की संपलं, भोपळा परत ओतणाऱ्याकडे. तो पुन्हा भरणार, पुढच्याला देणार. नळी हलवायची नाही. आणि पहिला घोट ओतणाऱ्याचा."

"का? यजमानानं आधी प्यायचं? हे कसलं आदरातिथ्य?" अम्मीला काही ते पटलं नाही.

"पहिला सगळ्यात कडू. तो पाहुण्याला द्यायचा नाही. ओतणाऱ्यानं पिऊन बघायचं, बरोबर झालंय का. मग द्यायचं."

मी तर खूशच झाले. भोपळ्याचं असलं काही असतं हे आम्हा भोपळ्यात जन्मलेल्या लोकांना माहीत नव्हतं! एकोणीस वर्षांची होते मी, आणि आनंद झाला की मला गप्प बसता यायचं नाही. आजही येत नाही.

आता माझं सांगते. कारखान्यात मला एकच काम होतं, पॉलिश. चपडा, म्हणजे पापुद्र्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं भोपळ्यावर हात फिरवत राहायचं. मला हवी होती जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात ना, ती घोडी कानशीनं इतकी बारीक घासायची की तार नुसती वाजत नाही, तिच्यामागं गुणगुण उठते आणि कितीतरी वेळ टिकते. त्या घासण्याला जवारी लावणं म्हणतात. केसभर जास्त घासलं की आवाज बसला. आमच्या अब्बांची, म्हणजे बाबालाल कारागिरांची जवारी सगळीकडे नावाजलेली. थोरल्या भावाला लाकडाच्या भुशानं शिंका यायच्या, तो चपलांच्या दुकानात जाऊन बसला. मग राहिलं कोण? मी! लहानपणापासून दाराआड उभी राहून मी ऐकत आले होते, कुठली तार बोलली, कुठली रुसली, सगळं मला कळायचं. पण अब्बा म्हणायचे, "दिलू, पॉलिश कर. तारांच्या वाटेला जाऊ नको." आणि अलीकडं तर मी घोडीजवळ फिरकले तरी खेकसायचे. असं का, ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं, पोरगी म्हणून. आणि त्याचा मला असा काही राग यायचा की बोळा हातात असाच आवळला जायचा.

तर बाईंनी एक तंबोरा निवडला. जवारी तेवढी लावायची राहिली होती. उद्या सकाळी लावून देतो, अब्बा म्हणाले. दुपारी चाचा बाईंना दर्गा दाखवायला घेऊन गेले, अब्बा नमाजला गेले, आणि कारखान्यात मी एकटी. आणि खिडकीत तो भोपळा.

मी उचलून बघितला. आत हिरवट काळा जाड थर, काठाला बारीक चीर, चिरेत मेण कोंबलेलं. हाय अल्ला! एवढ्या लांबून आलेली बाई आणि तिच्या भोपळ्याची ही दशा! आमच्या घरात पोर बोलायला लागलं की पहिली गोष्ट शिकवतात, भोपळ्याच्या आत गराचा कण राहता कामा नये, राहिला तर आवाज मेला. आणि इथं बोटभर थर! मला राहवलं नाही. म्हटलं, बाई येतील आणि बघतील की मिरजेची पोरगी काय चीज आहे. अब्बाही बघतील.

वाकड्या सुरीनं मी आतून भोपळा खरवडला. एकूण एक कण काढला. पॉलिश पेपर घातला. चिरेत लाख भरली, वरून घासली, कुणाला सांगूनही पटलं नसतं की तिथं चीर होती. मग आतून-बाहेरून चपड्याचे चार हात. तास-दीड तासात त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी गाणं म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

बाई आल्या. अब्बा पण मागोमाग आले. मी दोन्ही हातांवर भोपळा धरून पुढं केला, आहेर द्यावा तसा.

"हे... कोणी केलं?"

"मी!" छाती काढून सांगितलं.

बाईंनी नाक आत घातलं. स्पिरिटचा वास असा आला असेल की डोळ्यांत पाणी. पण पाणी वासाचं नव्हतं. त्या कारखान्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी दिला होता. आत होतं ते घाण नव्हती. रोज पिऊन पिऊन ते बसतं, त्याचीच चव असते. एकतीस वर्षांची होती ती चव."

"काय म्हणतात?" अब्बांनी विचारलं. चाचांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. अब्बांचा चेहरा उतरला.

"मॅडम, माफ करा. पोरगी अडाणी आहे." मग माझ्याकडं वळले. "कुणाला विचारून हात लावलास?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! पाहुण्याची चीज, न विचारता? उतर खाली. आजपासून या कारखान्याची पायरी चढायची नाहीस तू. पॉलिशलासुद्धा नाही."

"अब्बा!"

"पायरी चढायची नाही म्हटलं ना!"

अब्बांनी एकदा म्हटलं की म्हटलं. ईदला सुद्धा शब्द मागं घेतला नाही त्यांनी कधी. मी तीन पायऱ्या उतरले आणि मला कळलं, आपण जे मागत होतो ते तर गेलंच, होतं तेही गेलं. सगळं माझ्याच हातानं. घरात जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि मग रडणाऱ्या मलाच चिडून दोन थपडा मारून घेतल्या.

उन्हं कलली तेव्हा बाई आमच्या परसात बसल्या होत्या. अम्मीनं दिलेल्या स्टीलच्या पेल्यात नळी खोचून पीत होत्या. पेला तापायचा, नळी कलंडायची. माझ्यानं बघवेना. जवळ जाऊन उभी राहिले.

"मला माफ करा. मी गाढव आहे."

"बस," त्या म्हणाल्या. पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. "पी."

प्यायले. तौबा! कडू, गवताचं, धुराचं, काय नाही त्यात! तोंड इकडून तिकडं वाकडं झालं माझं. पण गिळलं. आणि गंमत म्हणजे गिळल्यावर तो कडूपणा निघून गेला, जीभ स्वच्छ झाली.

"तोंड वाकडं केलंस, पण थुंकली नाहीस," बाई पहिल्यांदा हसल्या. "इथं आल्यावर तीन वर्षांत एकानंही दुसरा पेला मागितला नाही."

"मला द्या दुसरा!"

दिला. आणि तो पिता पितानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेला आपटलाच खाली.

"बाई! भोपळे तर आमच्याकडं पोत्यानं आहेत! नवा करू!"

"अगं, तो तयार करावा लागतो. वापरलेली ओली पानं भरून ठेवायची, खरवडायचं, परत भरायची. दोन दिवस, तीन दिवस. भोपळा कडू असतो, तो कडूपणा सगळा पाण्यात उतरला पाहिजे. नाही उतरला तर प्यायचं नाही, पोट बिघडतं."

"गाडी कधी? उद्या दोनला ना? म्हणजे वीस तास आहेत. करू की!"

"आणि वडील?"

"ते पायरी चढू नको म्हणाले. परसाला पायरीच नाही!"

बाई खो खो हसल्या. अम्मी म्हणाली, "हिचं तोंड बघा." पण तीही हसत होती.

भोपळे घराच्या माळ्यावर होते. मंगळवेढ्याकडून पोती यायची, त्यात तंबोऱ्याच्या मोठ्या भोपळ्यांबरोबर दोन-चार खुरटे निघायचे, ते एका कोपऱ्यात पडून असायचे. मी एकेक कानाशी धरून बोटानं वाजवला. पातळ सालीचा भद्द वाजतो, चिरलेला कुजबुजतो. आठवा टणकन बोलला. हाच! खाली आणून करवतीनं तोंड कापलं, बिया काढल्या, गर खरवडला. हात असे चालत होते की जणू कुणीतरी मागं लागलंय. बाई शेजारी बसून सांगत होत्या, "काठ गोल कर, ओठाला लागला नाही पाहिजे. आत जास्त नको, सालीला जखम करू नको." दिवेलागणीच्या आत त्यांनी आपली वापरलेली पानं त्यात भरली, वर गरम पाणी सोडलं आणि भोपळा रात्रभरासाठी वाटीत बसवून ठेवला.

मधून मधून मी कारखान्याच्या मागच्या दाराकडं बघत होते. अब्बा पाठ करून बसले होते. वळून एकदाही बघितलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या आधी भोपळा. पाणी काळं झालं होतं. बोट बुडवून चाटलं, जहर! ओतून टाकलं. सुटलेली मऊ साल चमच्यानं काढली, पुन्हा पानं, पुन्हा पाणी. तासाभरानं पुन्हा. बाई पीत होत्या आणि वापरलेली पानं मला देत होत्या. "इतकं माते मी परीक्षेच्या वेळीसुद्धा प्यायले नव्हते," म्हणाल्या. चाचा येता-जाता चिडवायचे, "दिलशादबी, बाळाला आंघोळ झाली का?" मी पाणी उडवलं त्यांच्या अंगावर.

आणि आत कारखान्यात अब्बा बाईंच्या तंबोऱ्याला जवारी लावत होते. कानस घासायची, थांबायची, तार वाजायची. परसात बसून मला सगळं ऐकू येत होतं. वरच्या तीन तारा छान बोलल्या. चौथी, खर्जाची पितळी तार, ती मात्र बसलेली. वाजत होती, पण मागं गुणगुण नव्हती. मला वाटलं, आता काढतील, पुन्हा घासतील. तर अब्बा दुसऱ्या कामाला लागले! मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले. बोलू कशी? बोलले असते तर म्हणाले असते, कारखान्यात पाय नाही आणि कान मात्र घालतेस होय!

बाईंनी आत जाऊन तंबोरा छेडला. त्यांनाही खर्जापाशी थोडं अडखळल्यासारखं झालं, मला बाहेरून कळलं. अब्बा म्हणाले, "वाजवून वाजवून खुलेल." एवढा मोठा कारागीर म्हणतोय म्हटल्यावर त्या काय बोलणार? नमस्कार केला. तंबोऱ्यावर गवसणी चढली.

साडेबाराला बाई परसात आल्या आणि सगळ्यांना हाक मारली. "या! जायच्या आधी सगळ्यांनी एकत्र प्यायचं."

अम्मी आली, चाचा आले. बाईंनी बोलावलं म्हणून अब्बा पण आले आणि बाजेवर टेकले. माझ्याकडं बघितलं नाही. मी चटईवरून उठायला लागले.

"कुठं? बस," बाई म्हणाल्या. "भोपळा हिनं केला. आज ओतणार ही."

मी पुढं सरकले. भोपळा सातव्यांदा धुतला, नवा चुरा भरला. तळहात दाबून हलवला, एका कडेला उतरता केला, कोमट पाणी, फुगू दिला, नळी. अम्मीनं चुलीवर भांडं गुणगुणताच उतरवून आणलं. बारीक धार सोडली, वर फेस आला. पहिला घोट माझा. मी नळी तोंडात धरली.

कडू. पण कुठला कडू? चहाचा की भोपळ्याचा? काल पेल्यातून प्यायले होते तो कडूपणा आठवला, तो निघून जायचा. हा जिभेच्या मागं चिकटून बसला.

"नाही," मी म्हटलं आणि सगळा भोपळा परसातल्या पपईच्या बुंध्याशी रिता केला.

"अगं, अगं!" चाचा ओरडले. "दे की! कडूच असतं म्हणे ते. आम्हाला काय कळणार आहे?"

"मला कळतंय ना!"

पुन्हा चमच्यानं साल घासली, धुतला, भरला. प्यायले. अजून आहे. रिता केला. अम्मी म्हणाली, "दिलू, पाहुण्यांना गाडी गाठायचीय, रिक्षा येऊन उभी आहे." मी तिसऱ्यांदा भरला. बाई मांडीवर हात ठेवून नुसत्या बघत होत्या. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. तिसराही नाही! थोडासा, नखभर, पण आहे.

"अगं गाडी जाईल!" चाचा.

"जाऊ दे!" मी ओरडले. "असला नाही देणार मी कुणाला!"

पाहुणीच्या तोंडावर! अम्मीनं कपाळाला हात लावला. अब्बांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, कालपासून पहिल्यांदा. बाईंनी डब्यातला उरलेला चुरा माझ्यापुढं सरकवला. एकदाच होईल एवढा होता.

चौथा. धार सोडली. प्यायले. कडू आला, जिभेवर पसरला, मागं गेला... आणि गेला! गेला की! जीभ स्वच्छ! मी बसल्या जागी टाळ्या पिटल्या.

"झाला! बाई, झाला!"

"मग भर आणि दे. आधी मोठ्यांना."

मी भोपळा भरून अब्बांपुढं धरला. क्षणभर वाटलं, घेणार नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"नळी हलवायची नाही," बाईंनी मोठ्यानं सांगितलं. "आवाज येईपर्यंत प्यायचं. आवाज आला की परत तिच्याकडं."

अब्बा प्यायले. तोंड वाकडं झालं, तरी पीत राहिले. मग नळी वाजली, सुर्र. अम्मी हसली. अब्बांनी नळी सोडली नाही. पुन्हा सुर्र, सुर्र. "भाई, आवडलं वाटतं!" चाचा खदखदून हसायला लागले. बाईही हसल्या. अब्बा आमच्या तोंडांकडं एकेक करून बघत होते आणि ओढत होते. रिकामा भोपळा सगळ्या परसाला ऐकू जाईल असा वाजत होता.

मी पण हसत होते, आणि हसता हसता थांबले. ते आवाज यायची वाट बघत होते.

"अब्बा," मी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. "आला आवाज."

त्यांनी नळी सोडली. भोपळा माझ्याकडं दिला. खाली बघायला लागले. चाचांचं हसू कुठल्या कुठं गेलं.

मला तेव्हा एकदम सगळं कळलं. मी भोपळा बाईंच्या हातात दिला, "तुम्ही ओता," म्हटलं आणि उठून कारखान्याच्या दारापर्यंत गेले. आत पाय टाकला नाही.

"अब्बा, खर्ज बसलाय," मी म्हटलं. "सकाळपासून बसलाय. त्याच्यामागं काहीच उठत नाही."

"दिलू!" अम्मी दचकली. बाबालाल कारागिरांना, गिऱ्हाइकासमोर, पोरीनं असं बोलायचं!

अब्बांनी विचारलं, "मग सकाळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही पायरी चढू नको म्हणालात."

मग अब्बा बाईंकडं वळले. "मॅडम, ती खरं बोलते. तार वाजते तेवढी मला कळते. मागची गुणगुण दोन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. हातांना सवय आहे, त्यावर रेटत होतो. ही पोरगी घोडीजवळ आली की मला धडकी भरायची. हिचा कान मला ठाऊक आहे. हिला एका दिवसात कळलं असतं." त्यांनी कारखान्याकडं हात केला. "तुम्हाला असला तंबोरा देत होतो मी. आणि हिनं तीन वेळा ओतून टाकलं."

मी रडायला लागले. मोठ्यानं, अगदी लहान पोरीसारखी. मला दोन वर्षं वाटत होतं की यांना मी नको आहे. आणि यांना माझी भीती वाटत होती!

बाईंनी डोळे पुसले, भोपळा भरला, स्वतः प्यायल्या. त्यांची पण नळी वाजली, सुर्र. मग चाचांना म्हणाल्या, "दस्तगीरभाई, रिक्षा परत पाठवा. गाडी उद्या पण असते, विमानाला अजून वेळ आहे."

"काय उभी आहेस तिथं?" अब्बा मला म्हणाले. खेकसलेच, पण कसं खेकसले! "ये वर. तोंड पूस आधी. ओल्या हातानं कानस धरायची नाही."

मी वर गेले. अब्बांनी गवसणी काढली, तंबोरा आडवा ठेवला, खर्जाची तार सैल करून घोडीवरून बाजूला सारली आणि कानस माझ्या हातात दिली. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला नाही, कुठं घासायचं ते बोटानं दाखवलं नाही. नुसते शेजारी बसले. मी घासलं, तार चढवली, सूर लावला, छेडली. नाही. पुन्हा उतरवली. बाई भोपळा भरभरून एकेकाला देत होत्या, माझ्यासमोरही धरत होत्या, मी न बघता पीत होते. दुपार टळली. अम्मीनं जेवायला हाक मारली, कुणी गेलं नाही. मी पुन्हा घासलं, आणि पुन्हा.

आणि मग खर्ज बोलला. तार छेडली आणि तिच्यामागून असा काही नाद उठला की कारखान्यातल्या सगळ्या भोपळ्यांतून तो फिरला, बाई तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. अब्बांना तो ऐकू आला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि हसले.